ती गालावर मारतेय, म्हणजे सांगतेय

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

“मॅडम, माझी धाकटी बहीण २७ वर्षांची आहे. जन्मापासून डाऊन सिंड्रोम. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून आई आणि ती विट्याला माझ्याकडेच असतात. मिस्टर गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात कोइमतूरला, त्यामुळे घरचं-दारचं मीच बघते. बहीण थोडं बोलते, दोन-तीन शब्दांत. रोज कार्यशाळेत जायची, कागदी पिशव्या चिकटवायची, खुशीत असायची. चार महिने झाले, जायचं नाव काढत नाही. दुपारभर झोपते. उजव्या गालावर स्वतःच्या हाताने थाडथाड मारून घेते. भाकरी थुंकते, नुसता आमटी-भात खाते, तरी वजन वाढलंय. पाळीला अंगावरून फार जातं. डॉक्टरांना दाखवलं, तर तिच्याकडे न बघताच ते म्हणाले, ‘अशा मुलांचं असंच असतं’, आणि शांत राहायची गोळी दिली. आता ती आणखीच गुंगीत असते. दाताच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथं तोंडच उघडेना. किंचाळली. बाहेर बसलेली माणसं टकामका बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, इथं जमणार नाही, भूल द्यावी लागेल, मोठ्या ठिकाणी न्या. तिथं सही कुणाची चालेल? आई ६६ वर्षांची, तिने दवाखान्याची धास्ती घेतलीय. विमा कुणी देत नाही. त्यात मावशी म्हणते, नाहीतरी भूल देणारच आहेत, तर गर्भाची पिशवीपण काढून टाका, कायमची कटकट मिटेल. मला रात्र-रात्र झोप येत नाही. काय करू?”

– एक बहीण, विटा


ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेतली आणि चार ठिकाणी खुणा केल्या: उजवा गाल, भाकरी, दुपारची झोप, अंगावरून जाणं. तुमच्या बहिणीने चार महिने घालवून इतकी व्यवस्थित तक्रार मांडलीय, आणि ती कुणी लिहूनच घेतलेली नाही.

मी डॉक्टर नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून सव्वीस वर्षं काढली. केस पेपरच्या रांगेपासून थिएटरच्या दारापर्यंत लोकांबरोबर चालायचं, हे माझं काम. त्यामुळे तिला काय झालंय ते मी सांगणार नाही. कुठल्या दारात काय विचारायचं, ते मात्र सांगू शकते.

आधी ते ‘अशा मुलांचं असंच असतं’. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की कुणी पहिला शब्द उच्चारला की पुढचं मी मनात पूर्ण करते. त्यावर विचारायचा प्रश्न एकच: आधी असं होतं का? बहिणीला डाऊन सिंड्रोम सत्तावीस वर्षं आहे. गालावर मारणं चार महिने आहे. सत्तावीस वर्षांचा डाऊन सिंड्रोम चार महिन्यांपूर्वी एकाएकी उजव्या गालात कसा शिरेल? डाव्या का नाही? पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ‘ती मारून घेते’ असं सांगू नका. सांगा: ‘चार महिन्यांपूर्वीपर्यंत ही रोज कामाला जायची, भाकरी खायची. आता हे हे बदललंय. दुखण्याचं कारण शोधायचंय.’ वागणं म्हणालात की गोळी मिळते. दुखणं म्हणालात तर निदान हात तरी लावतात.

एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आणला होता. बोलायचा नाही. भिंतीवर डोकं आपटायचा म्हणून वडिलांनी टॉवेलने हात बांधून आणलेला. मनोरुग्ण विभागात भरती करायचं ठरत होतं. तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरणीने सहज म्हणून कानात बॅटरी मारली. आत मळाचा दगड झालेला, त्यामागे पू. पंधरा दिवसांनी तो मुलगा वडिलांबरोबर स्वतःच्या पायांनी चालत दाखवायला आला. वडील माझ्या टेबलापाशी बराच वेळ नुसते बसून होते. मग म्हणाले, ‘मॅडम, गप बस म्हणून मी त्याला मारलं होतं.’ मला त्यावर काही बोलता आलं नाही.

तुमच्या बहिणीकडे दोन धागे वेगवेगळे दिसतात. उजवा गाल आणि भाकरी हा एक. चावायचं ते नको, मऊ चालतं, मारणं एकाच बाजूला, म्हणजे दात, हिरडी किंवा कान. डाऊन सिंड्रोममध्ये हिरड्यांचे आजार जास्त होतात, आणि कानाची नळीही अरुंद असते, त्यामुळे मळ अडकून बसतो. तेव्हा दाताच्या आधी कान बघून घ्या. त्याला भूल लागत नाही, आणि कधीकधी सगळं प्रकरण तिथंच मिटतं.

दुसरा धागा झोप, वजन आणि पाळीचा. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईड मंद पडणं हे इतकं नेहमीचं आहे की दरवर्षी रक्ताची तपासणी करावी असं सांगतात. थायरॉईड मंदावलं की माणूस सुस्तावतो, कमी खाऊनही फुगतो, शौचाला साफ होत नाही, कातडी कोरडी पडते, आणि बाईमाणसाला अंगावरूनही जास्त जाऊ शकतं. तुमची बहीण आळशी झाली नसेल, तिला थंडी जास्त वाजत असेल. मागच्या महिन्यात ती पंखा बंद करायला लावत होती का, आठवून बघा. टीएसएच (थायरॉईडसाठी) आणि हिमोग्लोबिन, दोन्ही तपासण्या विट्यातच होतील. एवढं अंगावरून जात असेल तर रक्तही कमी झालं असेल, आणि त्यानेही माणूस झोपून राहतं. रात्री फार घोरते का, झोपेत श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा. घशाची ठेवण आणि सैल स्नायू यांमुळे या मंडळींना तो त्रास होतो, मग दिवसभर पेंग.

त्या शांत राहायच्या गोळीबद्दल: मनाने एकदम बंद करू नका, काही गोळ्या झटक्यात सोडल्या तर त्रास होतो. पण ज्यांनी दिली त्यांना जाऊन विचारा की ही नक्की कशासाठी आहे आणि किती दिवस घ्यायची. उत्तर ‘शांत राहण्यासाठी’ एवढंच आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. ज्या जागी ती आनंदाने जायची, तिथं जायला ती एकदम नाही म्हणते, याचं कारण तब्येत असेल, बहुधा तीच असेल. तरी वाटेत, रिक्षात, कार्यशाळेत कुणी तिच्याशी वाईट वागलं का, हे शांतपणे, एकटीला, दोन-तीन वेगळ्या दिवशी विचारा. ‘कोण आवडतं, कोण नाही आवडत’ इथून सुरुवात करा. उत्तर तिच्या तोंडात घालू नका. आणि ती काही सांगू लागली तर ‘असं नाही बोलायचं’ म्हणून गप्प करू नका.

आता दवाखान्याचं. बाहेर बसलेली माणसं बघत राहिली, हे तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात निम्म्या कुटुंबांचा दवाखाना इथंच सुटतो. उपचार मिळत नाहीत म्हणून नाही, तर त्या बाकड्यावर पुन्हा बसायची हिंमत होत नाही म्हणून. मग दात दोन वर्षं तसाच राहतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, जो एप्रिल २०१७ पासून लागू आहे, त्याच्या २५व्या कलमात तपासणी आणि उपचारात दिव्यांगांना प्राधान्य द्यायचं लिहिलंय. सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयांच्या सगळ्या भागांत विनाअडथळा वावरता आलं पाहिजे, हेही त्यातच. त्या कलमाची झेरॉक्स फायलीत ठेवा. पण दारातून आत जाताना ती फडकावू नका. कागद दाखवला की समोरचा माणूस अंग आखडतो, हे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना राहून पाहिलंय. आधी ओपीडीतल्या सिस्टरना बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा, ‘सिस्टर, ही दहा मिनिटांवर थांबू शकत नाही. मी रांगेत उभी राहते, ती बाहेर झाडाखाली आईबरोबर बसलीय. नंबर आला की हाक मारा.’ दहातल्या आठ सिस्टर ऐकतात. उरलेल्या दोघींसाठी झेरॉक्स.

सोमवार टाळा. शनिवार-रविवारचं तुंबलेलं सगळं सोमवारी येतं. खाजगी दवाखान्यात फोन करून सकाळचा पहिला नाहीतर दुपारचा शेवटचा नंबर मागा. वेळ ‘जास्त’ लागेल हे आधीच सांगा, म्हणजे डॉक्टर घड्याळाकडे बघत बसणार नाहीत.

आणि एक पान लिहा. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांत अशा कागदाला रुग्णालयाचा पासपोर्ट म्हणतात. तिकडे बौद्धिक दिव्यांग माणसाला चौदाव्या वर्षापासून दरवर्षी एकदा पूर्ण तपासणीसाठी बोलावतात, आणि दवाखान्यात जाताना तो हा कागद बरोबर नेतो. आपल्याकडे बोलावणं येणार नाही, पण कागदाला कुणाची परवानगी लागत नाही. मोठ्या अक्षरात, मराठीत, तिच्याच तोंडून लिहा. साधारण असं:

“माझं नाव अमुक. घरी मला राणी म्हणतात, त्याच नावाने हाक मारा. मी २७ वर्षांची आहे. मला डाऊन सिंड्रोम आहे. तुम्ही बोललेलं मला समजतं, पण उत्तर द्यायला वेळ लागतो. मनात दहापर्यंत मोजा. दुखलं तर मी ‘दुखतंय’ म्हणत नाही, तिथं मारते. हातमोजे बघून घाबरते. आधी मला ते हातात धरू द्या. मागून अंगाला हात लावू नका. सध्या या गोळ्या चालू आहेत. या औषधाने मागे पुरळ आलं होतं. माझ्याबरोबर माझी बहीण आत येणार. मला हे आवडतं.”

तुमची बहीण जशी आहे तसं त्यात भरा. शेवटचं वाक्य गाळू नका. गाणं असो, एखादी सिरियल असो, नाहीतर एसटीच्या तिकिटांचा गठ्ठा, नर्सला बोलायला काहीतरी लागतं. या कागदाच्या चार प्रती काढा, कारण पहिली पहिल्याच टेबलावर हरवते.

रक्त काढायचं असेल तर सुई टोचायच्या जागेवर तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं. डॉक्टरांकडून लिहून घ्या, घरूनच लावून निघा. त्याच्या आदल्या आठवड्यात घरी खेळ करा: दंडाला रुमाल बांधायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. आधी तिने तुमच्या दंडाला बांधायचा. दाताचंही तसंच. रात्री दोघींनी आरशासमोर उभं राहून बॅटरीने एकमेकींचे दात मोजा. तिने तुमचे आधी. तुमच्या तोंडात चांदी भरलेली दाढ असेल तर तेवढी मजा तिला पुरे.

मग दाताच्या डॉक्टरांकडे पहिली खेप नुसती खुर्चीत बसून यायची. ‘आज काही करायचं नाही’ हे डॉक्टरांना फोनवर सांगून ठेवायचं आणि खरोखरच काही करू द्यायचं नाही. दुसऱ्या खेपेला खुर्ची वर-खाली. तिसऱ्याला आरसा तोंडात. हे ऐकायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, कारण तीन खेपांची मजुरी बुडते, रिक्षाचे पैसे जातात, आणि शेजारीण विचारते ‘अजून दात काढला नाही?’ तरी ज्यांनी केलंय त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची भूल टळलेली मी पाहिलीय. पण तुमच्या बहिणीला आज दुखतंय, तेव्हा पुढच्या कामासाठी ही तालीम. आत्ताच्यासाठी मोठ्या ठिकाणी जायचं.

मोठं ठिकाण तुमच्यापासून दूर नाही. सांगलीत दंत महाविद्यालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दंत महाविद्यालयात केस पेपर काढताना ‘बालदंतरोग’ विभाग सांगा. नाव बालकांचं असलं तरी दिव्यांग रुग्णांना हाताळायचं शिक्षण याच शाखेत देतात, सत्तावीस वर्षांची आहे म्हणून बुजू नका. (गंमत बघा, एरवी जग तिला ‘विशेष मूल’ म्हणत राहतं, आणि उपचारांच्या वेळी मात्र ती मोठी झालेली असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. शाळा-अंगणवाडीत येऊन मुलं तपासतात, चांगलं काम आहे. पण तो अठरा वर्षांपर्यंत. एकोणिसाव्या वाढदिवशी डाऊन सिंड्रोम संपतो असं बहुधा कुणी गृहीत धरलं असावं.)

निघण्याआधी फोन करून एवढं विचारा: प्रौढ दिव्यांग रुग्णाची दातांची कामं भुलीखाली होतात का, कुठल्या वारी, आणि त्याआधी कुठल्या तपासण्या आणायच्या. सरकारी रुग्णालयात गेलात की समाजसेवा अधीक्षकांची खोली शोधा. बऱ्याचदा ती जिन्याखाली असते, पण असते. नोंदी, सवलती, एका विभागातून दुसऱ्यात पाठवणं, यात आमच्या माणसांचा उपयोग होतो.

भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा दोन गोष्टी त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. एक, मानेची. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. भूल देताना नळी घालायला मान मागे वाकवतात, तिथं जपावं लागतं. चालताना अलीकडे तोल जातो, हातातून वस्तू पडतात, असं काही असेल तर ते जरूर सांगा. दुसरी, हृदयाची. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयात काहीतरी दोष असतो. तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नाही. आईला विचारा, लहानपणी कुणी ‘छिद्र आहे’ किंवा ‘भरून येईल’ म्हणालं होतं का. जुनी फाईल ट्रंकेत असेल तर काढा. दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यायचं की नाही हेही कधीकधी त्यावर ठरतं.

आणि मागायची गोष्ट एक: एकाच भुलीत होईल ते सगळं. दात तर आहेतच, पण कान साफ करणं, डोळ्यांची तपासणी, राहिलेलं रक्त, हवं तर पायाची खुपणारी नखंसुद्धा. वेगवेगळ्या विभागांना एका टेबलाशी आणायचं म्हणजे त्यांना त्रास असतो, त्यामुळे आपणहून कुणी सुचवणार नाही. तुम्ही विचारा. फार तर नाही म्हणतील. ती झोपेपर्यंत तुम्ही जवळ राहणार आणि जाग येताना पहिला चेहरा तुमचा दिसणार, हेही आधीच ठरवून घ्या. त्या दिवशी दोन मोठी माणसं लागतात, एक तिच्याजवळ आणि एक औषधं-बिलं-कागदांसाठी पळायला. मिस्टरांना दोन दिवस बोलावून घ्या. गलाईची भट्टी दोन दिवस थंड राहिली तर चालतं.

सहीचं. अठरा वर्षं पूर्ण झाली की आई-वडीलसुद्धा कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेकांना पहिल्यांदा दवाखान्यातच कळतं. रोजच्या उपचारांना जवळच्या नातेवाइकाच्या सहीवर काम चालवण्याची पद्धत आहे, आणि जीवावर बेतलेलं असेल तर कुणाच्याच सहीसाठी थांबायचं नसतं. पण भूल, शस्त्रक्रिया म्हटलं की रुग्णालयं कागद मागू शकतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. त्यासाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, ज्याला सगळे नॅशनल ट्रस्ट म्हणतात. बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगत्व एवढ्यांसाठी तो आहे; डाऊन सिंड्रोम बौद्धिक दिव्यांगत्वात बसतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. बहिणीलाही अर्ज करता येतो. आई आहे तोवर तिच्या संमतीने तुम्ही दोघी मिळून ठरवा की अर्ज कुणाच्या नावाने करायचा. माझं मत विचाराल तर तुमच्या. आई सहासष्टची आहे, आणि हे काम पुन्हा दहा वर्षांनी काढायला लागू नये. सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात समितीचं काम कुठल्या टेबलावर आहे ते कार्यशाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा, त्यांना ते माहीत असण्याची शक्यता तुमच्या तलाठ्यापेक्षा जास्त.

दातासाठी मात्र या प्रमाणपत्राची वाट बघत बसू नका. रुग्णालयाला सांगा की अर्ज केलाय, आई सही करायला हजर आहे. आणि सही कुणीही करो, बहिणीला विचारायचं राहू नये. ‘दात काढायचा, झोपेचं औषध देणार, उठल्यावर मी असेन’ हे तिला चार दिवस आधीपासून सांगा. चित्र काढून सांगा. ती हो म्हणेल, नाही म्हणेल, रुसेल. पण न सांगता गाडीत घातलंत तर पुढच्या वेळी ती गाडीतही बसणार नाही.

आता तुमच्या मावशीबाई. त्यांना वाईट म्हणत नाही, त्यांच्या पिढीत हा सल्ला डॉक्टरसुद्धा द्यायचे. १९९४ साली शिरूरच्या सरकारी निवासगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींना पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात आणून त्यांच्या पिशव्या काढल्या होत्या. कारण हेच दिलं होतं, पाळीची स्वच्छता. बायकांच्या संघटना पेटून उठल्या, तेव्हा ते थांबलं. मी तेव्हा नोकरीत नवी होते. आमच्या रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये त्यावरून झालेली भांडणं आठवतात. ‘त्या मुलींना कुठं कळतंय’ असं म्हणणारे शिकलेले लोक होते.

आज २०१६च्या कायद्याचं दहावं कलम स्पष्ट सांगतं की दिव्यांग व्यक्तीच्या स्वेच्छेच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला वंध्यत्व येईल अशी कुठलीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. पिशवीलाच खरोखरीचा आजार असेल तर ती गोष्ट वेगळी. तो स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून सांगतील. पण कटकट मिटवण्यासाठी, नाही. आणि कटकटीचं कारण थायरॉईड निघालं तर रोजच्या एका गोळीने अंगावरून जाणंही कमी होऊ शकतं. पिशवी काढून बसलो असतो आणि थायरॉईड तसंच राहिलं असतं, झोपही तशीच. मावशींना हे सांगून बघा, कायद्यापेक्षा हे त्यांना लवकर पटेल. ‘पोरीचं काही वाईटसाईट झालं तर’ ही त्यांच्या मनातली खरी भीती असेल, तर पिशवी काढल्याने वाईट काही टळत नाही, झालेलं कळत नाही एवढंच.

पाळीच्या दिवसांसाठी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल टिकली लावायचं काम बहिणीकडे द्या. पॅड कसं बदलायचं ते तुम्ही स्वतः करून दाखवा, सांगून येत नाही. आईला दवाखान्याची भीती वाटते ना, मग घरची ही शिकवणी आईकडे सोपवा.

पैशांचं पटकन सांगते. नॅशनल ट्रस्टचीच ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, ‘जन्मापासूनचा आजार’ म्हणून हात वर करणं नाही. ओपीडी, औषधं, तपासण्या, थेरपी आणि दातांचाही काही खर्च त्यात बसतो. नोंदणीची रक्कम काही शे रुपयांत असते. ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज जातो. तुमची कार्यशाळा नोंदलेली नसली तर सांगलीत कुठली आहे ते त्यांना माहीत असेल. पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे असतात, म्हणून प्रत्येक बिल, प्रत्येक चिठ्ठी डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह डब्यात. मोठ्या शस्त्रक्रियांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, कुटुंबाला पाच लाखांपर्यंत, पण ती ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते; योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, त्यांना उपचाराचं नाव सांगून यादीत आहे का ते विचारा. यातल्या बऱ्याच कामांना दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात ते लागतं. जुनं प्रमाणपत्र असेल आणि कार्ड नसेल तर लवकर अर्ज करून टाका.

एवढं सगळं वाचून दमला असाल. तेव्हा या आठवड्यात तीनच कामं: विट्यात रक्ताच्या दोन तपासण्या, कानाच्या डॉक्टरांकडून बॅटरी मारून घेणं, आणि ते पान. सांगली पुढच्या आठवड्यात. ओठ किंवा गाल सुजला, ताप आला, गिळता येईना किंवा तोंड उघडेना, तर मात्र पुढचा आठवडा नाही, त्याच दिवशी जायचं.

पान लिहून झालं की एक प्रत मला पाठवा, नाव-गाव खोडून. ‘मला हे आवडतं’ याच्यापुढे काय लिहिलंत ते बघायचंय मला. तुम्ही लिहू नका, तिलाच विचारा.